नऊ हजारांत गेमिंग पीसी: हसू नका, मदत करा

लांजेकर | १४ जून २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, लिहायची पहिलीच वेळ.

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रिकल. मे महिनाभर मामाच्या बागेत आंब्याच्या पेट्या भरल्या, त्याचे नऊ हजार मिळाले. त्यातले साडेसात गेले. कुठल्याशा ऑफिसातून निघालेलं डेलचं ऑप्टिप्लेक्स घेतलं, ते आडवं बारीक खोकं असतं ना, एसएफएफ म्हणतात ते. आय५ चौथ्या पिढीचा, ४५९०. आठ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. मॉनिटर आत्येभावाने दिला, साडेअठरा इंची, मागे फक्त व्हीजीए. ग्राफिक्स कार्ड नाही.

आता मूळ गोष्ट. सातवी-आठवीत बाबांच्या फोनवर पबजी खेळायचो. २०२० च्या सप्टेंबरात त्यावर बंदी आली. मग बीजीएमआय, म्हणजे त्याचाच भारतातला अवतार, आलं, तेही जुलै २०२२ ला गेलं, मे २०२३ मध्ये परत आलं तोवर फोन म्हातारा झाला होता. पण २०२० च्याच मे महिन्यात एपिक या गेमच्या ऑनलाइन दुकानाने जीटीए ५ आठवडाभर फुकट दिला होता. घरात कॉम्प्युटर नव्हता, तरी मी फोनवरून अकाउंट काढून तो घेऊन ठेवला. पाच वर्षं माझ्या नावावर गेम आहे आणि मी तो एकदाही उघडलेला नाही.

परवा रात्रभर उतरवला. काल चालू केला. १८-१९ एफपीएस (सेकंदाला तितकी चित्रं) मिळतात, ते एकवेळ चालेल. पण गाडी जोरात नेली की पुढचा रस्ताच उगवत नाही! गाडी राखाडी पोकळीत तरंगते, मग दोन सेकंदांनी खालून रस्ता येतो. हाताशी पंधराशे आहेत. गणपतीआधी मखरांच्या लायटिंगची कामं मिळतात, त्यातून अजून तीनेक हजार येतील. काय करू?

वेताळटेकडीकर | १४ जून, रात्री १०:१५

पाच वर्षं सांभाळलेला गेम! तुला आधी दंडवत.

खोकं उघड आणि सांग, आठ जीबीची एक स्टिक आहे की चार-चारच्या दोन? आणि गेम लेगसी (जुनी आवृत्ती) उतरवलायस की एन्हान्स्ड (नवी)? या मार्चमध्ये आलेल्या एन्हान्स्डच्या नादी लागू नकोस, त्याला एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) लागते आणि ग्राफिक्सची किमान अटही तुझ्या आवाक्याबाहेर आहे.

सव्वाशेर | १४ जून, रात्री ११:०२

साडेसात हजारांत सेकंडहँड पीएस३ आला असता.

वेताळटेकडीकर | १४ जून, रात्री ११:०६

आणि डिप्लोमाचे रिपोर्ट त्यावर टाईप केले असते का, सव्वाशेर?

लांजेकर | १५ जून, दुपारी १:३०

उघडलं. गेम लेगसी आहे. रॅमची एकच स्टिक, बाकी स्लॉट मोकळे.

शिवाय आत पालीची दोन अंडी होती. पांढरीशुभ्र, चण्याएवढी, एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) बाजूला चिकटलेली. प्रोसेसरच्या पंख्यावर धुळीची अशी गादी होती की बोटाने उचलली तर रुमालासारखी अख्खी निघाली. आजी म्हणाली अंड्यांना हात लावू नको. शेवटी मीच कागदावर घेऊन पडवीत वाशाच्या फटीत ठेवून आलो.

वेताळटेकडीकर | १५ जून, दुपारी २:१०

मग अर्धा आजार सापडला. पालीचा नाही, रॅमचा.

तुझ्याकडे वेगळं कार्ड नाही, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातलं ग्राफिक्स काम करतंय, इंटेलचं एचडी ४६००. त्याला स्वतःची मेमरी नसते. ते तुझ्या रॅममधूनच उचलून खातं. एक स्टिक म्हणजे एकाच नळावर घरातली सगळी भांडी. दुसरी तशीच स्टिक जोडीच्या स्लॉटात घातलीस की ड्युअल चॅनेल चालू होतं आणि मेमरीचा प्रवाह कागदावर तरी दुप्पट होतो. एरवी ऑफिसच्या कामात हा फरक कळतही नाही, पण पोटातल्या ग्राफिक्सला तो फार लागतो.

डीडीआर३, डेस्कटॉपची, लांब स्टिक. दुकानदार लॅपटॉपची आखूड स्टिक हातात ठेवेल, ती बसणार नाही. जुनी मिळाली तरी बिनधास्त घे, रॅम सहसा झिजत नाही.

टीपकागद | १५ जून, दुपारी ४:४५

रॅमचं मान्य, पण रस्ता न उगवण्याचं कारण हार्डडिस्क आहे. जीटीए सगळं शहर एकदम मेमरीत घेत नाही. तू जसा पुढे जातोस तसतसे पुढचे तुकडे डिस्कवरून ओढतो. फिरत्या तबकडीवर सुई इकडून तिकडे जाईस्तोवर तू ताशी दोनशेने पुढे निघून गेलेला असतोस. म्हणून गाडी हवेत. २५६ जीबीची साधी साटा एसएसडी घाल. त्या मशीनला एनव्हीएमई बिव्हीएमई काही लागत नाही.

माझं मत विचारशील तर आधी एसएसडी, रॅम नंतर. एसएसडीचा फायदा गेम बंद असतानाही मिळतो.

वेताळटेकडीकर | १५ जून, सायंकाळी ५:२०

असहमत. सातशे रुपयांची वस्तू आधी, पंधराशेची नंतर.

टीपकागद | १५ जून, सायंकाळी ५:३१

मुलाला विचारू या ना. त्याला १८ चे २५ एफपीएस हवेत की रस्ता हवाय?

लांजेकर | १५ जून, सायंकाळी ७:५०

रस्ता हवाय. :)

पेन्शनर नाना | १६ जून, सकाळी ६:१२

मी डोंबिवलीत राहतो, वय ७१. माझं मशीन तुझ्याहून एक पिढी जुनं आहे. रोज दुपारी एज ऑफ एम्पायर्स २ खेळतो, ती १९९९ ची मूळ आवृत्ती. सौ. म्हणतात, निवृत्त होऊनही तुमचे हत्ती-घोडे काही सुटले नाहीत.

बाळा, सर्वांत आधी थर्मल पेस्ट बदल. एवढ्या वर्षांत ती वाळून खडू झाली असेल. जुनी स्पिरिटने पुसून काढ, नवी वाटाण्याएवढीच लाव. आमच्या चिरंजिवांनी पोळीला तूप लावावं तशी थापली होती, बाहेर ओघळली. आणि यूपीएस घे. कोकणात पावसाळ्यात लाईट कशी वागते ते मला ठाऊक आहे, माझं आजोळ राजापूरचं.

लांजेकर | २२ जून, रात्री ८:१५

अपडेट. एसएसडी घातली. चौदाशेला पडली. विंडोज १० नवं टाकलं, गेम त्यावर हलवला. रस्ता उगवतो. विमानतळापासून डोंगरापर्यंत एका दमात गेलो, कुठेही पोकळी नाही. एफपीएस तेवढेच आहेत, पण आता त्याचं काही वाटत नाही.

आजीची एक तक्रार आहे. संध्याकाळी सात ते आठ कॉम्प्युटर तिचा, यूट्यूबवर जाखडी (आमचा कोकणातला नाच) बघते. शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांना सवाल टाकतात तेव्हा तिला मध्ये बोललेलं खपत नाही. पण व्हिडिओ लावला की पंखा असा घोंघावतो की शाहिराचा आवाज ऐकू येईना. नाना, पेस्ट अजून लावलेली नाही, इथे मिळत नाही, रत्नागिरीहून मागवलीय.

टीपकागद | २२ जून, रात्री ८:४०

पेस्टने निम्मं काम होईल. उरलेलं असं की यूट्यूब आजकाल बरेच व्हिडिओ व्हीपी९ प्रकारात पाठवतं. तुझ्या पिढीच्या ग्राफिक्सला तो प्रकार स्वतःहून नीट उलगडता येत नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि पंखा ओरडतो. यूट्यूबकडून एच.२६४ च मागवणारं एक एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये घाल. तो प्रकार तुझं जुनं ग्राफिक्स झोपेतही उलगडतं.

लांजेकर | २२ जून, रात्री ९:०५

घातलं. पंखा गप्प! आजीने विचारलं, "बंद पडलं की काय?"

दूरस्थ | २३ जून, पहाटे ४:५०

न्यू जर्सीहून वाचतोय. माझं गाव कराड. २००४ साली तिथे सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन काउंटर-स्ट्राइक १.६ खेळायचो. सहा मशीन, लॅनने जोडलेली. चार नंबरच्या माऊसचं डावं बटण दाबलं की दोनदा दाबलं जायचं, त्यामुळे ज्याला ते मशीन यायचं तो पैजेतून आपोआप बाद. आज घरात तीन हजार डॉलरचा पीसी आहे आणि शनिवारी रात्री मी काय करतो, तर स्टीमवर गेम विकत घेतो, उतरवतो आणि झोपतो. तुझ्या रस्त्याची बातमी वाचून मात्र आज खरंच दोन तास खेळलो.

निशिगंधा | २३ जून, सकाळी ११:२०

जरा वेगळा सूर लावते, राग मानू नका. माझा मुलगा दहावीत. गेममध्ये बंदुकीवर चढवायच्या रंगासाठी त्याने माझ्या यूपीआयवरून दोन महिन्यांत सव्वाचार हजार उडवले. नऊ-नऊ, एकोणतीस, एकोणनव्वद असे. मेसेज यायचे, मी दुधाचे समजायचे. तुम्ही सगळे इतक्या कौतुकाने लिहिताय, पण घरात हे कसं आवरायचं ते कुणीच सांगत नाही.

वेताळटेकडीकर | २३ जून, दुपारी १२:०५

राग कसला. फोनवरचे बरेचसे फुकट गेम फुकट नसतातच, पुढे असं टप्प्याटप्प्याने घेतात. माझ्या भाच्याच्या बाबतीत एक उपाय चालला: फोनवरून पीसीवर आणला आणि एकदाच पैसे देऊन मिळणारे गेम दिले. स्टारड्यू व्हॅली द्या. २०१६ चा आहे, एका माणसाने एकट्याने बनवलाय, शेती करायची, गुरं पाळायची, आत पैसे मागत नाही. सेलमध्ये थांबून घ्या. आवडला नाही तर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत करतं.

आणि यूपीआयचा पिन बदला. आजच.

निशिगंधा | २३ जून, दुपारी १२:३०

पिन बदलला. शेतीचं सांगते त्याला. इथे कुंडीतल्या तुळशीला पाणी घालत नाही तो.

वऱ्हाडी ठेचा | २ जुलै, रात्री १०:३०

धागा वर काढतोय. काय बे लांजेकर, रॅम घेतली का नाही? का जाखडीच बघून राहिला?

लांजेकर | ५ जुलै, सायंकाळी ६:२५

घेतली हो. कॉलेजच्या लॅबमधली मशीन बदलली, त्यातली स्टिक लिलावात एका सरांनी घेतली होती, त्यांनी मला सहाशेला दिली. पेस्टही लावली, वाटाण्याएवढीच. १८-१९ चे आता २६-२८ झाले, ७२० वर सगळं लो ठेवून. वेताळटेकडीकर आणि टीपकागद, दोघंही बरोबर होता, भांडू नका.

व्हॅलोरंटही टाकलाय, कॉलेजातले सगळे तोच खेळतात. सर्व्हर मुंबईतला आहे, तरी वायफायवर पिंग (सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ) मध्येच दोनशेवर उडायचा. राउटर ओटीवर आणि कॉम्प्युटर माजघरात, मध्ये चिऱ्याची दीड फुटी भिंत. खिडकीच्या गजातून केबल ओढली. आता तीसच्या आसपास बसून असतो.

वऱ्हाडी ठेचा | ५ जुलै, सायंकाळी ७:००

असं पाहिजे ना भाऊ. चिऱ्याच्या भिंतीपुढे कोणाचं वायफाय चालते?

लांजेकर | १९ जुलै, दुपारी ३:१०

मंडळी, लॉटरी लागली!! एका ऑनलाइन जाहिरातीत जीटीएक्स १०५० टीआय, चार जीबी, फक्त बत्तीसशेला! नवं कोरं, खोक्यात, कंपनीचं नाव ओळखीचं नाही पण फोटो छान आहेत. आणि गंमत म्हणजे मागे एचडीएमआय, डीव्हीआय आणि निळं व्हीजीए पोर्टसुद्धा आहे, म्हणजे माझा मॉनिटर सरळ चालेल, ॲडॉप्टरचा खर्च वाचला. लायटिंगची उचल मिळालीय, बाकीचे मामा देतोय. संध्याकाळी पैसे पाठवतो.

गाळेकर | १९ जुलै, दुपारी ३:१४

थांब. पैसे पाठवलेस का?

गाळेकर | १९ जुलै, दुपारी ३:२२

अरे उत्तर दे.

लांजेकर | १९ जुलै, दुपारी ३:४०

नाही अजून. जेवत होतो. का?

गाळेकर | १९ जुलै, दुपारी ४:०५

देवाने वाचवलं. बैस आणि वाच. मी मुंबईत लॅमिंग्टन रोडला अकरा वर्षं रिपेअरिंगच्या टेबलावर आहे, ही कार्डं आठवड्याला एक तरी येतात.

तुला जे निळं पोर्ट बघून आनंद झाला, तेच चोराचं पाऊल. १०५० टीआय ही पास्कल पिढी, २०१६ ची. त्या पिढीच्या चिपमधून ॲनालॉग आउटपुट एनव्हिडियाने काढूनच टाकलं. व्हीजीए ॲनालॉग असतं. मग या कार्डावर ते आलं कुठून? कारण आत १०५० टीआय नाहीच. २०१० च्या सुमाराची जुनी चिप असते, जीटीएस ४५० किंवा ५५० टीआय, आणि तिचा बायोस (कार्डातला मूळ प्रोग्राम) बदलून तिला खोटं नाव दिलेलं असतं. कॉम्प्युटर विचारतो तू कोण, ती सांगते मी १०५० टीआय. विंडोज बिचारं विश्वास ठेवतं. ड्रायव्हर टाकायला गेलास की घोटाळे सुरू. मेमरीही खरी चार जीबी नसते, गेम एका मर्यादेपुढे गेला की पडदा काळा.

जीपीयू-झेड म्हणून छोटा फुकट प्रोग्राम आहे. तो २०१८ पासून अशी कार्डं ओळखून नावाच्या आधी 'फेक' लिहून दाखवतो. पण ते पैसे गेल्यावर कळतं. तुला फोटोतच कळलं असतं.

दुसरं, तुझ्या खोक्यात ते मावणारही नव्हतं. एसएफएफला अर्ध्या उंचीचं कार्ड लागतं.

लांजेकर | १९ जुलै, दुपारी ४:३०

हात थरथरतायत. बत्तीसशे म्हणजे माझी अकरा मखरं आहेत.

सव्वाशेर | १९ जुलै, दुपारी ४:५२

मी गंमत करायला येतो इथे, पण हे खरं आहे. मागच्या दिवाळीत माझे साडेतीन हजार याच निळ्या पोर्टात गेले. विक्रेत्याचं पान चौथ्या दिवशी गायब. कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगतोय.

वेताळटेकडीकर | १९ जुलै, सायंकाळी ५:३०

वाचनखूण साठवली. गाळेकर, मग त्याने घ्यावं काय? त्या खोक्याचा पॉवर सप्लाय २५५ वॉटचा आहे आणि डेलचा स्वतःचा घाट, बाजारातला साधा एसएमपीएस लागत नाही. कार्डाला वेगळी वीज द्यायला वायरही नाही. म्हणजे जे काही मिळेल ते स्लॉटमधून, जास्तीत जास्त ७५ वॉट.

गाळेकर | १९ जुलै, रात्री ९:१५

क्वाड्रो पी१०००.

गेमवाले याच्याकडे बघत नाहीत, म्हणून भाव बरा असतो. हे ऑफिसांतल्या डिझाईनवाल्यांचं कार्ड, ऑटोकॅड-बिटोकॅडसाठी. पण आतली चिप १०५० च्याच घराण्यातली, ६४० कोअर, चार जीबी जीडीडीआर५ मेमरी. ४७ वॉट खातं, वेगळी वायर नको, उंची अर्धी, जाडीही एकाच स्लॉटाची. कंपन्या जुनी वर्कस्टेशनं काढतात तेव्हा गल्लीत ढिगाने येतात. आरएक्स ६४०० पण मिळेल, नवं आहे, पण ते चारच लेनवर (बोर्डाशी जोडणाऱ्या वाटांवर) चालतं आणि तुझ्या जुन्या बोर्डात त्याचा दम जातो.

एकच कटकट. मागे मिनी डिस्प्लेपोर्ट असतात, व्हीजीए नाही. *ॲक्टिव्ह* ॲडॉप्टर घे, आत चिप असलेला. तीनेकशेला येईल.

गावाहून ऑनलाइन घेऊ नकोस. गणपतीला कुणी चाकरमानी येणारच असेल ना घरी? त्याला सांग दुकानात कार्ड लावून, जीपीयू-झेड चालवून बघूनच पैसे द्यायचे. नकार दिला तर पुढचं दुकान.

लांजेकर | १९ जुलै, रात्री ९:४०

चुलतभाऊ आहे परळला, दरवर्षी येतो. त्याला आत्ताच फोन केला. म्हणाला, "कार्ड म्हणजे आधार कार्ड का?" त्याला हा धागाच पाठवलाय.

पेन्शनर नाना | २९ जुलै, सकाळी ६:३०

अवांतर: नागपूरच्या दिव्या देशमुखने काल जॉर्जियातल्या बातुमीत महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, १९ वर्षांची पोर, समोर कोनेरू हंपी! मी शेवटचा डाव यूट्यूबवर जागचा न हलता पाहिला. बुद्धिबळाला ग्राफिक्स कार्ड लागत नाही, बरं का. लीचेस ही बुद्धिबळाची साइट फुकट आहे, जाहिराती नाहीत.

मुद्द्याचं: विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबरला संपते. तुझ्या प्रोसेसरला ११ अधिकृतपणे चालत नाही, आठव्या पिढीपासून पुढचे लागतात. विंडोज सोडून लिनक्स मिंट या फुकट सिस्टिमवर ये. मी सहा वर्षं आहे. स्टीममध्ये प्रोटॉन आहे, विंडोजचे बहुतेक गेम त्यातून चालतात.

वऱ्हाडी ठेचा | २९ जुलै, सकाळी ८:१०

दिव्यासाठी काल आमच्या गल्लीत फटाके फुटले ना! एक नंबर पोरगी.

टीपकागद | २९ जुलै, सकाळी ९:२५

नाना, पण लिनक्सवर व्हॅलोरंट चालत नाही. त्याचा चोरपकड्या (खेळातली लबाडी पकडणारा प्रोग्राम) विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसतो, प्रोटॉनला तो जुमानत नाही. मुलाचे मित्र तिथेच आहेत. घाई नको. मायक्रोसॉफ्टने घरगुती लोकांना सुरक्षा अपडेट आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत द्यायचं जाहीर केलंय, सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्याकडे ठेवला तर पैसेही पडत नाहीत. तोवर दोन्ही ठेव, एसएसडीचे दोन भाग करून.

निशिगंधा | २३ ऑगस्ट, दुपारी १:१५

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा संसदेत झाला, वाचलं असेल तुम्ही. मुलगा मला समजावत होता की आई, बंदुकीचे रंग त्यात येत नाहीत. इतका अभ्यास शाळेचा केला तर!

बाकी शेती सुरू आहे. त्याची कोबी लागली. काल विचारत होता, खरी कोबी किती दिवसांनी येते.

लांजेकर | २६ ऑगस्ट, रात्री ११:५५

उद्या बाप्पा येतायत, घरात पाय ठेवायला जागा नाही, तरी लिहितो.

दादा आज पहाटे जादा गाडीने आला. कार्ड गोधडीत गुंडाळून आणलं. तिसऱ्या दुकानात चाचणी घेऊ दिली म्हणे, बेचाळीसशे. पण पट्टी! कार्डाच्या तोंडाला जी पत्र्याची पट्टी असते ती मोठ्या खोक्याची लांबवाली आलीय, आखूड नाही. झाकण बसेना. दादा म्हणतो, "धाग्यात पट्टीचं कुणी लिहिलंच नव्हतं."

गाळेकर | २७ ऑगस्ट, सकाळी ७:०५

चूक माझी. अकरा वर्षांत टेबलावर पट्ट्या डब्याने पडलेल्या असतात, लक्षात आलं नाही. स्क्रू काढून पट्टीशिवाय लाव, चालेल. फक्त ॲडॉप्टरची वायर ओढली जाऊन कार्ड तिरकं होऊ देऊ नकोस.

लांजेकर | ३० ऑगस्ट, दुपारी ४:२०

पट्टी झाली. काकांच्या जुन्या खिडकीची ॲल्युमिनियमची पट्टी करवतीने कापली आणि कानशीने घासून बसवली. पहिल्या वर्षी वर्कशॉपला तो चौकोनी फिटिंग जॉब घासताना सगळे रडलो होतो, त्याचं आज चीज झालं. पोर्टांची भोकं जरा वाकडी आलीत.

१३६६ बाय ७६८, सेटिंग्ज नॉर्मल-हाय, ५० ते ५५ एफपीएस! माजघरात नऊ चुलतभावंडं पाटावर, पोत्यावर, एकमेकांच्या मांडीवर. एक मेला की दुसरा बसतो. सहा वर्षांची मनू कुणालाही गोळी घालत नाही, ती फक्त सिग्नलला थांबते आणि हिरवा झाला की निघते. तिचा नंबर सगळ्यांत जास्त वेळ चालतो.

वेताळटेकडीकर | ३० ऑगस्ट, सायंकाळी ५:०२

मनूला राजी दाखव. आमच्या पुण्यात बनलेला गेम आहे, २०२० चा, हरवलेल्या भावाला शोधत निघालेली मुलगी. तुझ्या कार्डावर आता आरामात चालेल. महाबलासुराचे राक्षस आहेत, मोठ्या कुणीतरी शेजारी बसावं.

टीपकागद | ३० ऑगस्ट, सायंकाळी ६:१५

आणि ४ सप्टेंबरला सिल्कसाँग हा गेम येतोय. सहा वर्षं वाट पाहिलीय आम्ही. लांजेकर, पाच वर्षांचा तुझा विक्रम मोडला.

पेन्शनर नाना | ३ सप्टेंबर, सकाळी ६:४०

गौरी-गणपती सुखरूप गेले ना? आणि यूपीएसचं काय झालं? मी जूनपासून विचारतोय.

लांजेकर | ३ सप्टेंबर, रात्री ९:१०

नाना, घेतला होता. ६०० व्हीएचा, बाबांनी अर्धे पैसे दिले. गौरीपूजनाच्या दिवशी आरतीला सगळे उभे, आणि "घालीन लोटांगण"ला लाईट गेली. मखराची लायटिंग चालू राहिली, समई आणि मखर, बाकी घर काळोख. कॉम्प्युटर बंद. आत दादाची शर्यत शेवटच्या फेरीत होती, तो आरतीतच "अरे!" म्हणून ओरडला. बाबांनी सकाळीच न सांगता प्लग बदलला होता.

विसर्जन करून आल्यावर म्हटलं आता मिळेल परत. तर तो ओटीवर राउटरला लागलाय. लाईट गेली की आजी फोनवर जाखडी बघते, आणि सवाल टाकून झाला की जबाब येईपर्यंत नेट जाता कामा नये.